आई-वडील गावाहून आले की जेवायला कुठे न्यायचे?

गेल्या वर्षी आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला माझे आई-अप्पा हुमनाबाद तालुक्यातील आमच्या गावाहून मुद्दाम आले होते. नातीला निबंधाचे बक्षीस होते ना! २०१७ साली बीदर-कलबुर्गी रेल्वे सुरू झाल्यापासून त्यांचे येणे सोपे झाले आहे, नाहीतर पूर्वी बसने फार हाल होत. कार्यक्रम संपल्यावर आज सर्वांनी बाहेर जेवू असे मी जाहीर केले आणि मुलांनी सुचवलेल्या एका हॉटेलात सगळ्यांना घेऊन गेलो. हॉटेल चकाचक होते. पाटीवर ‘व्हेज-नॉनव्हेज’ दोन्ही लिहिलेले होते.

आमचे अप्पा माळकरी. आषाढीची वारी करतात, एकादशी चुकवत नाहीत. आईने माळ घातलेली नाही. तिला कोंबडीचा रस्सा आवडतो, सोमवार आणि गुरुवार मात्र ती पाळते. त्या दिवशी शनिवार होता. दोन्ही प्रकार मिळतात म्हटल्यावर अडचण कसली, असे मला वाटले.

अप्पांनी वेटरला कन्नडमध्ये विचारले, ‘भाजीचा झारा आणि मटणाचा झारा वेगळा असतो काय?’ तो नुसता हसला. अप्पांनी मेनू कार्ड मिटून बाजूला ठेवले. ‘मला भूक न्हाई रे, दुपारचंच जड झालंय. वाटीभर दही सांग.’ ते पाहून आईनेही आपली प्लेट मुलांकडे सरकवली. बक्षीस मिळालेली पोर खाली मान घालून जेवली. बिल नऊशेच्या वर गेले. रात्री साडेदहाला स्वयंपाकघरात डबा वाजला म्हणून उठून पाहिले, तर अप्पा अंधारात चुरमुरे खात उभे होते.

वाचकहो, ‘व्हेजपण मिळतं ना तिथं!’ हे वाक्य आपण तरुण मंडळी किती सहज म्हणतो. पण काय मिळते हे पाटीवरून कळते, काय चालते हे त्या माणसालाच विचारावे लागते. आणि आपल्याकडची वडीलधारी माणसे विचारल्याशिवाय बोलत नाहीत. मुलाचा खर्च होतोय, सुनेसमोर कशाला, नातवंडांचा आनंद कशाला मोडा, असे म्हणून ती भूक नसल्याचे सांगतात. आमच्या अप्पांसारखेच माझ्या ऑफिसातील एक मुस्लिम सहकारी करतात. परगावी गेले की हॉटेलात डाळ-भातच मागवतात. मटण हलाल आहे का, हे चारचौघांत विचारायला त्यांना संकोच वाटतो.

गंमत अशी की घरी हा प्रश्न कधी आलाच नव्हता. गावाकडे मटण शिजायचे ते परसातल्या चुलीवर. त्याचे पातेले वेगळे, पळी वेगळी. ती भांडी गोठ्याच्या आढ्याला टांगलेली असत. त्या दिवशी अप्पा आधी जेवून घेत आणि देवळाच्या ओट्यावर जाऊन बसत. मग आम्ही पोरे परसात ताटे मांडायचो. त्यांनी आम्हाला कधी ‘खाऊ नका’ म्हटले नाही, आणि आईने त्यांना ‘एवढं काय’ म्हणून हिणवले नाही. एका घरात दोन रीती सुखाने नांदल्या, कारण त्यामागे आईची ठरवून केलेली व्यवस्था होती. हॉटेलला परस नसते, हे माझ्या लक्षात आले नाही एवढेच.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती काही पालकांना आवडणार नाही. वसतिगृहात राहणारी मुले अंडे खातात आणि घरचे भेटायला आले की लपवतात. मुलाला असे खोटे बोलायला लावणारा सोवळेपणा मला पटत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सरकारने बीदर, कलबुर्गीसह आपल्या भागातील शाळांत मध्यान्ह भोजनात अंडी द्यायला सुरुवात केली, तेव्हा मोठ्यांनी केवढा वाद घातला! जी मुले अंडे खात नाहीत त्यांच्यासाठी केळे होते. मुलांनी अंडे किंवा केळे घेतले आणि एकाच पंगतीत बसून खाल्ले.

अशी पंगत आपल्याकडे नवी नाही. बीदरच्या नानक झिरा गुरुद्वाऱ्यात लंगर असतो, कलबुर्गीत शरणबसवेश्वरांच्या देवळात दासोह असतो. कोणीही यावे, बसावे, जेवावे. जेवण शाकाहारी, त्यामुळे माळकऱ्यालाही पोटभर आणि मांसाहार करणाऱ्यालाही पोटभर. ज्याला सर्वांत कमी पदार्थ चालतात त्याच्या सोयीने स्वयंपाक केला की कोणाला उठावे लागत नाही. विश्वस्त मंडळींना या निमित्ताने एक विनंती: पालक मेळाव्याच्या जेवणाची तारीख धरताना एकादशी आणि रमजान तेवढे पाहून घ्यावेत. आणि पत्रिकेत ‘जेवणात काय पाळता?’ अशी एक ओळ टाकावी.

या दिवाळीनंतर आई-अप्पा पुन्हा आले. या वेळी मी स्टेशनवरच विचारले, ‘अप्पा, कुठं जेवायचं?’ ते म्हणाले, ‘खानावळीत चल की.’ (कन्नडमध्येही खानावळीच म्हणतात, एवढे तरी आपले एकमत आहे!) लिंगायत खानावळ होती, मांस-अंड्याचा प्रश्नच नव्हता. ज्वारीची कडक भाकरी, भरली वांगी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, वर दही. अप्पांनी झाऱ्याची चौकशी केली नाही. दुसरी भाकरी मागून घेतली आणि वाढणाऱ्याशी तुरीच्या भावाबद्दल गप्पा मारल्या. मुलांनी आधी तोंडे वाकडी केली होती, चटणी मात्र तीनदा घेतली.

दुसऱ्या दिवशी मी अप्पांना घेऊन शरणबसवेश्वरांच्या दर्शनाला गेलो आणि आई नातवंडांबरोबर तहरी खायला गेली. एकत्र जेवायचे म्हणजे प्रत्येक वेळी एकाच टेबलावर बसायचे, हा माझा हट्ट मी सोडून दिला आहे. संध्याकाळी अप्पांनीच विचारले, ‘कशी होती तहरी?’

आई म्हणाली, ‘तुमी न्हवता म्हणून दोन घास जास्तीच गेले.’