सनदेनंतरची तीन वर्षे

वकील व्हायला किती वर्षे लागतात, याचे कागदावरचे उत्तर सोपे आहे. बारावीनंतर थेट प्रवेश घेतला तर पाच. आधी पदवी घेतली तर तीन अधिक तीन, म्हणजे सहा. पुढे राज्य बार कौन्सिलची सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा. न्यायाधीश व्हायचे असेल तर आणखी तीन, कारण कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 रोजी पुन्हा लागू केली. तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला, जैनथ किंवा उटनूरच्या मुलाला मात्र हे गणित असे सुटत नाही. सनद हाती पडल्यावर घरात पैसा कधी येणार, हे कोणत्याच नियमात लिहिलेले नाही.

न्यायालयाची अट चुकीची नाही. पक्षकाराचा घाम आणि साक्षीदाराची घालमेल न पाहिलेल्या माणसाने निकालपत्र लिहू नये, हे कोणीही मान्य करील. प्रश्न एवढाच की, अनुभवाची ही वर्षे काढायची कशावर? ज्युनिअरचा दिवस पाहा. सकाळी सीनियरच्या घरून फायली उचलायच्या, बोर्डावर प्रकरणाचा नंबर शोधायचा, पुकारा झाला की ‘सीनियर दुसऱ्या कोर्टात आहेत’ सांगून तारीख मागायची, दुपारी नकलांसाठी खिडकीपाशी उभे राहायचे. संध्याकाळी मिळेल ते बसभाड्यात जाते. वर, न्यायाधीशपदासाठी लागणारा अनुभवाचा दाखला प्रधान न्यायिक अधिकाऱ्याकडून, नाहीतर त्याच्या दुजोऱ्यासह किमान दहा वर्षे वकिली केलेल्या वकिलाकडून आणायचा, त्यामुळे तोंड उघडायचीही सोय नाही. बापाची प्रॅक्टिस ज्याच्या पाठीशी आहे, तो हे सहज निभावतो. कापसाच्या दोन एकरांवर चालणाऱ्या घरातला मुलगा वर्षभरात दुसरी नोकरी धरतो.

याची मुळे जुनी आहेत. 1961 च्या अधिवक्ता कायद्यात सनदेपूर्वी प्रशिक्षणाची तरतूद होती. 1973 च्या दुरुस्तीने ती गेली. बार कौन्सिल ऑफ इंडियाने 1995 मध्ये वर्षभराचे प्रशिक्षण आणले, पण कौन्सिलला तसा अधिकारच नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये ते रद्द केले. परिणामी उमेदवारी राहिली, पण तिला ना चौकट, ना मोबदला. सनदेसाठी 750 रुपयांहून, आणि अनुसूचित जाती-जमातींकडून 125 रुपयांहून अधिक घेऊ नये, असा निकाल 30 जुलै 2024 रोजी आला. दार स्वस्त झाले. आत गेल्यावर खायचे काय, हा पेच तसाच राहिला.

आदिलाबादला या पेचाची किंमत अधिक मोजावी लागते. आदिवासींच्या जमिनींचे संरक्षण करणारा 1959 चा नियम आणि त्याची 1970 ची दुरुस्ती, म्हणजे लोकांच्या तोंडचा ‘वन ऑफ सेव्हंटी’, यांवर इथल्या गोंड-कोलामांची शेती टिकून आहे. ही प्रकरणे महसूल अधिकाऱ्यांपुढे चालतात. त्यात पहाणीचे उतारे वाचावे लागतात, निजामाच्या काळातले उर्दू कागद उलगडावे लागतात आणि अशिलाशी गोंडीत, कोलामीत किंवा मराठीत बोलावे लागते. हैदराबादहून तारखेपुरता आलेला वकील हे करू शकत नाही. इथल्या मातीतला माणूस काय करू शकतो, ते कोंडा लक्ष्मण बापूजींनी दाखवले. 1915 मध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या वांकिडीत जन्म, राजुऱ्यात शाळा, हैदराबादेत वकिली, 1952 मध्ये आसिफाबादचे आमदार, आणि 1969 मध्ये तेलंगणासाठी मंत्रिपदावर पाणी. पुढचा बापूजी पहिल्याच वर्षी वकिली सोडून जात असेल, तर नुकसान जिल्ह्याचे आहे.

भाषेचा अडसर वेगळाच. बार परीक्षा मराठीत देता येते. महाराष्ट्राची विधी प्रवेश परीक्षाही मराठीत होते. तेलंगणाची लॉसेट मात्र इंग्रजीसोबत तेलुगू किंवा उर्दूतच. आदिलाबादच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलाला शेवटचे दार आपल्या भाषेत उघडे मिळते, पहिले नाही.

उपाय अवघड नाहीत. ज्युनिअरला ग्रामीण भागात किमान 15 हजार आणि शहरात 20 हजार रुपये द्यावेत, असे बार कौन्सिलने ऑक्टोबर 2024 मध्ये सुचवले. ती नुसती शिफारस आहे. आणि तालुक्याच्या सीनियरला तरी दरमहा इतके कुठून परवडणार? म्हणून हा भार सरकारने उचलावा. अनुसूचित क्षेत्रात वकिली करणाऱ्या नवोदितांना तीन वर्षे विद्यावेतन थेट खात्यात द्यावे आणि त्या बदल्यात मोफत कायदेशीर मदतीची ठराविक प्रकरणे त्यांच्याकडून चालवून घ्यावीत. विधिसेवा प्राधिकरणाच्या बचाव वकील यंत्रणेत तीन वर्षांपर्यंत अनुभव असलेल्यांसाठी सहायकांची पगारी पदे आहेतच. ती भरताना गोंडी, कोलामी, मराठी जाणणाऱ्यांना प्राधान्य द्यावे. लॉसेटला मराठीचा पर्याय जोडावा. आणि उमेदवारीला कायद्याची चौकट देणारी दुरुस्ती संसदेने करावी.

अभ्यासक्रम आखूड करा, असे कोणी म्हणत नाही. आठ-नऊ वर्षे लागत असतील तर लागोत. पण अनुभवाची अट सरकारी पदासाठी घातली जात असेल, तर त्या अनुभवाचा खर्च सरकारनेच उचलला पाहिजे. नाहीतर न्यायाधीशाची खुर्ची परीक्षेने नव्हे, बापाच्या ऐपतीने ठरेल.