गाडी का अडखळते, ते बाईलाही कळतं

सासऱ्यांनी 1998 साली घेतलेली मारुती 800 आमच्याकडे अजून आहे. घरातले सगळे म्हणतात, काढून टाका. पण भिसेगावहून खालापूर तालुक्यातल्या वाड्यांवर बचत गटाच्या बैठकींना जायचं, तर एसटीच्या वेळा जमत नाहीत. माझी सगळी धावपळ या गाडीच्या जिवावर चालते.

मागच्या पावसाळ्यानंतर तिचं काहीतरी बिघडलं. थांबलेली गाडी सुरू करून ॲक्सिलरेटर दाबला, की क्षणभर काहीच व्हायचं नाही. मग गचका बसायचा आणि मग पळायची. एकदा चौकला जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर वळताना असंच झालं. मागून ट्रेलर हॉर्न देत आला. गाडीत मागे गटातल्या दोघी बसलेल्या. त्या दिवशी काही झालं नाही, पण घरी येऊन चहाचा कप धरवेना इतका हात थरथरत होता.

मेकॅनिककडे गेले. तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही पाय घाबरत दाबता. साहेबांना पाठवा." मग हे गेले. प्लग बदलले, कार्बोरेटर साफ झाला, पैसे गेले आणि गचका तसाच. आता म्हणे कार्बोरेटरच नवीन टाका!

मला राग आला. रोज गाडी चालवते कोण? मी. मग तिला काय होतंय, ते सांगायला साहेब कशाला हवेत? बचत गटाच्या हिशेबाची जुनी वही होती, तिच्या मागच्या पानावर मी आठ दिवस टिपून ठेवलं. गचका कधी बसतो? थांबून निघताना. गार इंजिनाला की गरम? दोन्हीला. पाऊस असेल तरच का? नाही. चढावर, एकसारखी चालताना? नाही, तेव्हा गाडी छान ओढते. आणि उभी असताना इंजिनाचा आवाज आपोआप वरखाली होतो.

मैत्रिणींनो, यात शिकलेपणाचं काही नाही. आपण ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा इंजिनात हवा एकदम घुसते आणि त्या प्रमाणात पेट्रोलही लगेच यावं लागतं. ते कमी पडलं, की गाडी अडखळते. आता कमी का पडतं, याचा माग 'कधी' या प्रश्नातून लागतो. चढावर किंवा वेगात असताना दम तुटत असेल, तर पेट्रोलचा फिल्टर किंवा पंप बघावा. पावसात, दमट हवेत गाडी थडथडत असेल, तर प्लग आणि त्यांच्या वायरी. इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी पळत नाही, असं असेल तर तो बहुधा क्लचचा दोष. नव्या गाड्यांत कार्बोरेटर नसतो, तिथे सेन्सर असतात. पण 'कधी' हा प्रश्न तिथेही तोच. इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल, तर मात्र गाडी तशीच दामटू नये.

ती वही घेऊन मी दुसऱ्या गॅरेजमध्ये गेले. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी ती शेवटपर्यंत वाचली. मग बॉनेट उघडलं आणि करंगळीएवढी एक रबरी नळी वाकवून दाखवली. खालून चिरलेली. तिथून जादा हवा शिरत होती आणि पेट्रोलचं प्रमाण कमी पडत होतं. इंजिन नुसतं फिरत असताना हवेची ओढ जास्त, म्हणून खोट तेव्हाच दिसायची. गाडी पळायला लागली, की झाकली जायची. नळीला शंभर रुपयेसुद्धा पडले नाहीत.

मिस्त्री म्हणाले, "ताई, सगळ्या नळ्या बघून घ्या. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं." खरंच आहे ते. 2025 पासून देशभर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि मारुती 800 चं तर उत्पादनच 2014 साली बंद झालं. तिच्या पेट्रोलच्या नळ्या या मिश्रणासाठी बनवलेल्याच नव्हत्या. जुनी गाडी असेल, तर त्या अधूनमधून तपासलेल्या बऱ्या.

माझं म्हणणं एवढंच आहे. मूल कण्हतं तेव्हा ताप कधी चढला, कधी उतरला, हे डॉक्टर आईलाच विचारतात. मग गाडी रोज चालवणाऱ्या बाईचं गॅरेजमध्ये कुणी का ऐकू नये? ऐकत नसतील, तर टिपून न्यावं. कागदावर लिहिलेलं सहज उडवून लावता येत नाही. आधी स्वस्तातलं तपासायला सांगा, जुना भाग परत मागून घ्या आणि दुरुस्तीनंतर तुम्ही स्वतः एक फेरी मारल्याशिवाय पैसे देऊ नका.

परवा पुन्हा चौकला वळले. पाय दाबला आणि गाडी लगेच निघाली. मागच्या सीटवरची एकजण म्हणाली, "आज कशी न अडखळता गेली हो!" ती वही आता गाडीतच असते.