अर्जावरचे "नाही"

गेल्या डिसेंबरात नववी-दहावीच्या मुलांना घेऊन आम्ही इंदूरहून तारकर्लीस गेलो होतो. पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राखाली उतरणे, म्हणजे स्कूबा डायव्हिंग, हे सहलीचे मोठे आकर्षण. होडी सुटण्यापूर्वी एका मुलाच्या पिशवीतून दम्याचा पंप खाली पडला. त्याच्या अर्जावर "दमा आहे काय?" यापुढे पालकांनी "नाही" लिहून सही केली होती. आम्ही त्याला किनाऱ्यावर थांबवले. तो खूप रडला. परत आल्यावर पालक आमच्यावरच रागावले, "थोड्या वेळाचा तर खेळ, काय झाले असते?"

काय झाले असते, हे सांगणे आमचे काम आहे. बॉईलचा नियम आम्ही हिंदी माध्यमात 'दाब' आणि 'आयतन' म्हणून पाठ केला; आपली मुले 'आकारमान' म्हणतात. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागापेक्षा दुप्पट असतो. तेथे टाकीतून घेतलेला श्वास वर येईपर्यंत फुगून दुप्पट होतो, म्हणून तो सतत सोडत राहावे लागते. दम्यात श्वासनलिका आकसतात, कफाने बुजतात. हवा आत अडकली तर फुफ्फुस फाटू शकते, बुडबुडे रक्तातून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. उथळ पाण्यातही हा धोका असतो, कारण आकारमान सर्वांत झपाट्याने वाढते ते पृष्ठभागाजवळच. त्यात टाकीतली हवा कोरडी, वर पोहण्याचे श्रम, नाकातोंडात खारे पाणी. दमा उठायला आणखी काय हवे? आणि पाण्याखाली पंप घेता येत नाही.

यावर विश्वस्त मंडळात सूचना आली की दमा असलेल्या मुलांना सरसकट बंदी करावी. आम्हाला ती पटली नाही. बंदी केली की अर्जांवरची "नाही" वाढतील, एवढेच. शिवाय डॉक्टरही आता सरसकट नकार देत नाहीत. यूके डायव्हिंग मेडिकल कमिटीच्या मते दमा ताब्यात असेल आणि श्वसनाच्या चाचण्या ठीक असतील तर उतरता येते. मात्र थंडीने, श्रमाने किंवा घाबरल्याने ज्याला दम लागतो त्याने उतरू नये, आणि मागच्या ४८ तासांत धाप थांबवण्यासाठी पंप लागला असेल तर कोणीही नाही. मुलांच्या बाबतीत तर अधिकच जपायला हवे.

तेव्हा पालकहो, ओळखीच्या डॉक्टरांकडून "फिट आहे" अशी चिठ्ठी आणून चालणार नाही. छातीच्या तज्ज्ञांकडून व्यायामापूर्वी व व्यायामानंतर स्पायरोमेट्री करून घ्यावी, आणि पत्रात स्कूबाचा स्पष्ट उल्लेख असावा. हे सहलीच्या दीड-दोन महिने आधी व्हावे. औषध बदलायचे झाल्यास वेळ मिळतो. अर्ज यंदापासून शाळेच्या कार्यालयातच, मुलाला शेजारी बसवून भरला जाईल. मुले सहसा खरे सांगतात.

त्या मुलाची तपासणी झाली. त्याला अजून आठवड्यातून दोनदा पंप लागतो, म्हणून डॉक्टरांनी या वर्षीही नकार दिला आहे. अर्जावर मात्र आता "हो" आहे. इतर मुले पाण्यात उतरतील तेव्हा तो आमच्याबरोबर सिंधुदुर्ग किल्ला पाहायला येणार आहे.