तहानेच्या आधीची विहीर

तहान लागल्यावर विहीर खणू नये, ही म्हण आपण सहसा आळशी माणसाला ऐकवतो. परंतु साठी ओलांडलेल्या आणि उन्हात धावू इच्छिणाऱ्या गृहस्थाच्या बाबतीत ती शब्दशः खरी आहे, हे मला गेल्या वर्षी उमगले.

माझे मामा नागपूरचे. सेवानिवृत्तीनंतर ते पळू लागले. घरच्यांनी प्रथम थट्टा केली, मग चिंता केली आणि अखेरीस अभिमान बाळगला. वयाच्या चौसष्टाव्या वर्षापर्यंत त्यांनी अर्ध-मॅरेथॉनचे सुमारे 21.1 किलोमीटरांचे अंतर चार वेळा पार केले होते. गेल्या मार्चमध्ये ते अशाच एका शर्यतीसाठी पूर्व किनाऱ्यावरील आमच्या शहरी आले. पहाटेचे तपमान 27 अंश असेल, असे ऐकून ते हसले. "अरे, मे महिन्यात पंचेचाळीस अंश सोसणारी माणसे आम्ही. ही तर आमची सावली!"

चूक नेमकी येथेच होती. धावताना स्नायूंनी खर्चलेल्या शक्तीचा फार तर चौथा हिस्सा गतीच्या कामी येतो; उरलेल्याची उष्णता होते. ती बाहेर टाकण्याचे मुख्य साधन घाम. एक लिटर घाम पूर्णपणे उडून गेला, तर शरीरातील सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नागपूरच्या कोरड्या हवेत तो झपाट्याने उडतो. समुद्रकाठच्या दमट हवेत मात्र तो नुसता निथळतो, आणि निथळणारा घाम गारवा देत नाही.

त्यात वयाची भर. उतारवयात घर्मग्रंथी मंदावतात, त्वचेकडे वाहणारे रक्त कमी होते आणि तहानेची जाणीवही बोथट होते. शरीराला पाणी हवे असते, पण निरोप उशिरा पोहोचतो.

याचा अर्थ वृद्धांनी धावूच नये, असा नव्हे. पारपत्रानुसार शंभर वर्षांचे असलेले फौजा सिंग यांनी 2011 साली टोरांटोची पूर्ण मॅरेथॉन संपविली. मात्र ते दिवस ऑक्टोबरचे, थंड हवेचे होते. उलट 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पोर्तुगालचा तरुण धावपटू फ्रान्सिस्को लाझारो भर उन्हात कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. त्याने अंगाला लावलेल्या लेपामुळे घामाची वाट अडली, असे सांगतात. तारुण्यही उष्णतेपुढे टिकत नाही. वय वाढले की चुकीला वाव कमी उरतो, इतकेच.

सोळाव्या किलोमीटरपाशी मी पाणी घेऊन उभा होतो. मामा आले ते झोकांड्या खात. "मामा, बरे आहे ना?" असे विचारताच ते म्हणाले, "सदर आले का रे?" सदर हा नागपुरातील भाग. समोर समुद्र दिसत होता आणि मामा मनाने नागपुरात होते! उन्हात धावणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी पाणी पाजण्याच्या खटपटीत न पडता प्रथम अंग थंड करावे, हे मी वाचले होते. दोघा स्वयंसेवकांच्या साहाय्याने त्यांना सावलीत निजविले, अंगावर गार पाणी ओतत राहिलो, मानेशी आणि काखेत बर्फ धरला. तोवर डॉक्टर आले. मामा वाचले, परंतु शर्यत पुरी करू दिली नाही, म्हणून पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

यंदा ते पुन्हा आले, पण दोन आठवडे आधी. नव्या हवेला शरीर रुळण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. निघण्यापूर्वी त्यांनी रक्तदाबाची औषधे डॉक्टरांना दाखविली, कारण त्यांपैकी काही लघवी वाढवून शरीरातील पाणी कमी करतात. सरावाच्या आधी आणि नंतर ते वजन करीत. वजन फार घटले तर पाणी कमी पडले. वाढले तर अधिक प्यायले गेले, आणि तेही घातकच, कारण त्याने रक्तातील मीठ विरळ होते. शर्यतीच्या दिवशी प्रत्येक पाणपोईपाशी थोडे चालायचे, ठरलेले घोट घ्यायचे आणि घड्याळाकडे पाहायचे नाही, असा त्यांनी नेम केला.

ऊन चढले. अठराव्या किलोमीटरशी मामा आपण होऊन थांबले. मी धावत गेलो आणि त्यांना गावाचे नाव विचारले. त्यांनी ते बिनचूक सांगितले, वर माझ्या पत्त्यातील पिनकोडही म्हणून दाखविला.

"डोके जड वाटू लागले," ते म्हणाले. "उरलेले तीन किलोमीटर पुढल्या वर्षासाठी राहू देत. आता घरी चल, मामी फोनची वाट पाहत असेल."