परत आलेली हुंडी आणि ब्राउझरचा इशारा

अहिल्यानगरच्या आडते बाजारातील कोणत्याही घाऊक दुकानात घडू शकेल असा हा प्रसंग आहे. संध्याकाळचे सहा वाजत आले आहेत. तेलाचे डबे आणि साखरेची पोती भरलेला टेम्पो जामखेडला निघण्यासाठी दारात उभा आहे. माल लाखाच्या वरचा, म्हणून ई-वे बिल हवेच. दिवस मावळण्यापूर्वी जेवणासाठी घरी पोहोचायचे असल्याने शेठजींची नजर वारंवार घड्याळाकडे जाते. दुपारी वीज गेली होती. ती आल्यावर मुनीमजींनी संगणक सुरू केला, तर ई-वे बिलाच्या पानाऐवजी पडद्यावर लाल त्रिकोण आणि इंग्रजी मजकूर.

मुनीमजी निश्चिंतपणे म्हणतात, “शेठजी, हे नेहमीचेच. ‘ॲडव्हान्स्ड’ दाबायचे, खाली ‘प्रोसीड’ दाबायचे, की साइट उघडते.”

“थांबा, मुनीमजी. त्यात काय लिहिले आहे ते आधी वाचू या. शिक्का जुळत नसेल तर हुंडी सकारायची नाही, हे आमच्या वडिलांनी तुम्हालाच शिकवले ना?”

शेजारी बसलेला मुलगा वाकून वाचतो. “बाबूजी, यात लिहिले आहे की आपल्या संगणकाचे घड्याळ मागे आहे.” कोपऱ्यात पाहावे तर तारीख 1 जानेवारी 2019! संगणकातील नाण्याएवढा सेल संपला होता; वीज जाताच घड्याळ कित्येक वर्षे मागे गेले. तारीख दुरुस्त केली, पान पुन्हा उघडले, बिल निघाले, टेम्पो मार्गस्थ झाला. एकूण वेळ पाच मिनिटे.

या पाच मिनिटांत दुकानाचे काय वाचले? ई-वे बिल एक दिवस उशिरा निघाले असते तर फार बिघडले नसते. परंतु इशारा न वाचता पुढे जाण्याची सवय ज्या हातांना लागली आहे, त्याच हातांनी दुसऱ्या दिवशी बँकेचे पान उघडले जाणार आहे. खरा धोका तेथे आहे.

हा इशारा म्हणजे नेमके काय, हे व्यापारी घराण्यांना समजावून सांगणे कठीण नाही. कारण त्याचे मूळ तत्त्व त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या पेढीवरच होते. शाहजोग हुंडीचे पैसे कोणा अनोळख्याच्या हाती पडत नसत. बाजारात पत असलेल्या शहामार्फतच ती वटवावी लागे. हुंडी आणणारा माणूस ओळखीचा नसला तरी चाले. त्याच्यामागे उभा असलेला शहा ओळखीचा असावा लागे. संगणकातील व्यवस्था अशीच आहे. प्रत्येक संकेतस्थळ आपल्यासोबत एक प्रमाणपत्र आणते. त्यावर संकेतस्थळाचे नाव, मुदतीचा आरंभ व शेवट आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा शिक्का असतो. त्या संस्थेमागे आणखी एक मोठी संस्था असते. अशा विश्वासार्ह मोठ्या संस्थांची यादी ब्राउझरमध्ये किंवा विंडोजमध्ये आधीच भरलेली असते. साखळी त्या यादीपर्यंत पोहोचली, नाव जुळले आणि मुदत चालू असली, की पान उघडते. तिन्हींपैकी एक जरी चुकले तरी ब्राउझर हुंडी परत करतो. लाल त्रिकोणाचा अर्थ एवढाच.

हुंडी परत आली म्हणजे समोरचा लबाड आहे असे लगेच ठरत नाही. परंतु ती का परत आली हे कळल्याशिवाय पैसेही दिले जात नाहीत. म्हणून कारण शोधण्याचा क्रम ठाऊक असावा.

पहिली परीक्षा अगदी सोपी. दुसरी दोन-तीन परिचित संकेतस्थळे उघडून पाहावीत. सगळ्याच पेढ्यांच्या हुंड्या परत येऊ लागल्या, तर दोष पेढ्यांचा नसून तपासणाऱ्याच्या चष्म्याचा असतो. अशा वेळी स्वतःचा संगणक तपासावा. एकाच संकेतस्थळावर इशारा येत असेल तर दोष बहुधा त्या संकेतस्थळाचा किंवा टाइप केलेल्या पत्त्याचा.

सगळीकडे इशारा येत असेल तर प्रथम तारीख, वेळ आणि वर्ष पाहावे. दिवस-महिना बरोबर आणि वर्ष चुकलेले, असेही होते. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’खाली ‘सिंक नाऊ’ हे बटण असते. मोबाइलमध्ये तारीख-वेळ आपोआप घेण्याची सोय चालू ठेवावी. प्रत्येक वेळी वीज गेल्यावर घड्याळ मागे जात असेल तर सेल बदलून घ्यावा. सीआर 2032 या नावाचा हा सेल कोणत्याही संगणक दुरुस्तीच्या दुकानात मिळतो.

तारीख बरोबर असूनही इशारे थांबत नसतील तर अँटिव्हायरसकडे पाहावे. काही अँटिव्हायरस येणारे सीलबंद पाकीट मध्येच उघडून तपासतात आणि त्यावर स्वतःचा शिक्का मारून पुढे पाठवतात. त्यांची मुदत संपली किंवा त्यांच्यात बिघाड झाला की ब्राउझर तो शिक्का ओळखत नाही. अँटिव्हायरस अद्ययावत करावा किंवा काढून नव्याने बसवावा.

तिसरे कारण जुन्या यंत्रांचे. घरात नवा संगणक आला की जुना दुकानात मुनीमजींच्या टेबलावर जातो आणि तेथे वर्षानुवर्षे राबतो. विंडोज 7 ला मायक्रोसॉफ्टने जानेवारी 2020 मध्ये निरोप दिला. विंडोज 10 चा सर्वसाधारण पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. अद्ययावत न झालेल्या यंत्रातील विश्वासार्ह संस्थांची यादीही जुनी होत जाते. 30 सप्टेंबर 2021 रोजी हे जगभर दिसून आले. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था संकेतस्थळांना विनामूल्य प्रमाणपत्रे देते. तिची साखळी ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राला जोडलेली होती, त्याची मुदत त्या दिवशी संपली आणि अनेक जुन्या यंत्रांवर धडधाकट संकेतस्थळे संशयित ठरू लागली. पैशांचे व्यवहार ज्या संगणकावर होतात तो घरातील सर्वांत जुना नसावा, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

एकाच ठिकाणी इशारा येत असेल तर पत्त्याचे एकेक अक्षर वाचावे. प्रमाणपत्रावरील नाव आणि उघडलेल्या पानाचे नाव जुळत नाही, अशा अर्थाचा इशारा असेल तर पत्ता टाइप करताना चूक झाली असण्याचा किंवा कोणी भलतीकडे वळवले असण्याचा संभव असतो. मुदत संपल्याचा इशारा असेल तर बहुधा त्या संकेतस्थळाच्या चालकाने नूतनीकरणात हयगय केलेली असते. तरीही तेथे पासवर्ड टाकू नये. चालकाला दूरध्वनीवरून कळवावे आणि दुरुस्ती होईपर्यंत थांबावे. प्रमाणपत्र रद्द केले आहे, असा इशारा असेल तर तेथे एक पाऊलही पुढे टाकू नये.

प्रवासात आणखी एक कारण संभवते. शिर्डीच्या एखाद्या लॉजवर किंवा पुण्याच्या रेल्वे स्थानकावर मोफत वायफाय जोडले, की पहिले पान त्या वायफायच्या लॉगिनकडे वळवले जाते आणि इशारा येतो. वायफाय बंद करून मोबाइलच्या डेटावर तेच पान उघडावे. इशारा नाहीसा झाला तर दोष वायफायचा. अशा जोडणीवरून बँकेचा व्यवहार करूच नये.

आता मुनीमजींच्या सवयीकडे वळावे. ‘प्रोसीड’ दाबण्याची ही सवय त्यांना आळसातून लागलेली नाही. कामानेच लावली आहे. जीएसटीच्या पोर्टलवर डिजिटल स्वाक्षरी करताना एमसाइनर हे साधन लागते. ते चालत नसले की जाणकार सांगतात, ब्राउझरमध्ये 127.0.0.1:1585 हा पत्ता उघडा आणि येणारा इशारा मान्य करा. हा सल्ला योग्यच आहे. 127.0.0.1 म्हणजे स्वतःचाच संगणक. एमसाइनर त्याच संगणकात बसलेले असते आणि स्वतःचेच प्रमाणपत्र दाखवते. बाहेरच्या कोणा शहाचा शिक्का त्यावर नसतो. दुकानातील कॅमेऱ्यांचे किंवा 192.168 ने सुरू होणारे राउटरचे पान उघडतानाही हेच होते. आपल्याच वखारीची किल्ली आपल्याच माणसाकडून घेताना शहाची साक्ष कोण मागतो? परंतु वखारीतील रिवाज भर बाजारात चालत नाही. घरच्या यंत्राचा इशारा समजून-उमजून मान्य करावा. बँक, जीएसटी, ई-वे बिल, आयकर आणि ईमेल यांचा इशारा कधीही मान्य करू नये. ही एक सीमारेषा दुकानातील प्रत्येकाला पाठ असली तरी पुष्कळ झाले.

शिक्का मारणारी संस्थाही चुकू शकते, हे भारताने 2014 मध्ये अनुभवले. 2 जुलै रोजी गुगलला आढळले, की आपल्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे बाहेर पडली असून त्यांवर शिक्का राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या प्रमाणन शाखेचा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 नुसार नेमलेल्या नियंत्रकांच्या मूळ प्रमाणपत्राशी ही साखळी जोडलेली होती आणि ते मूळ प्रमाणपत्र विंडोजच्या यादीत होते. म्हणजे बनावट पान असते तरी विंडोजवरील अनेक ब्राउझरांना ते खरे वाटले असते. दुसऱ्याच दिवशी नियंत्रकांनी एनआयसीची संबंधित प्रमाणपत्रे रद्द केली. चौकशीत चार बनावट प्रमाणपत्रे निष्पन्न झाली, तीन गुगलच्या नावांची आणि एक याहूच्या. गुगलने मात्र याहून अधिक आढळल्याचे सांगितले. क्रोमने भारतीय मूळ शिक्क्याचा अधिकार सरकारी व इतर मोजक्या नावांपुरता मर्यादित केला, तर मायक्रोसॉफ्टने ती प्रमाणपत्रे विंडोजमधून बाद ठरवली. फायरफॉक्सची यादी स्वतंत्र असल्याने त्याच्या वापरकर्त्यांना झळ पोहोचली नाही. ज्यांचे ब्राउझर आणि विंडोज अद्ययावत होते, त्यांच्यापर्यंत ही दुरुस्ती न मागता पोहोचली. अपडेट पुढे ढकलणाऱ्याला मात्र बाजाराने नाकारलेला शिक्का खराच वाटत राहतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इशारा आला नाही म्हणजे समोरचा प्रामाणिक आहे, असे मुळीच नाही. प्रमाणपत्र फक्त दोन गोष्टी सांगते: पान पत्त्यात दिसते त्याच नावाचे आहे आणि वाटेत पाकीट कोणी फोडलेले नाही. त्या नावामागे सज्जन आहे की ठग, याची हमी ते देत नाही. बँकेच्या नावाशी मिळतेजुळते नाव घेऊन ठगही विनामूल्य प्रमाणपत्र मिळवू शकतो. कुलपाच्या चिन्हाचा लोक चुकीचा अर्थ लावतात, हे ओळखून क्रोमने 2023 मध्ये ते चिन्हच पत्त्याशेजारून हटवले. रिझर्व्ह बँकेने याच कारणासाठी देशातील बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव नावाखाली येण्यास सांगितले. हे नाव बँकांखेरीज इतरांना मिळत नाही. म्हणून बँकेचे पान उघडताना पत्त्याचा शेवट वाचावा, आणि एसएमएसमधील दुव्यावरून ते कधीही उघडू नये.

ज्यांच्या पेढीचे किंवा संस्थेचे स्वतःचे संकेतस्थळ आहे, त्यांच्यासाठी आणखी एक सूचना. प्रमाणपत्रांच्या मुदती आखूड होत चालल्या आहेत. ब्राउझर कंपन्या आणि प्रमाणन संस्थांनी एप्रिल 2025 मध्ये ठरवल्याप्रमाणे मार्च 2026 पासून कमाल मुदत 200 दिवस, मार्च 2027 पासून 100 दिवस आणि मार्च 2029 पासून अवघी 47 दिवस राहील. वर्षातून एकदा आठवणीने नूतनीकरण करण्याचे दिवस संपले. संकेतस्थळ सांभाळणाऱ्याकडून नूतनीकरण आपोआप होण्याची व्यवस्था करून घ्यावी. अन्यथा आपल्याच दारात आलेल्या ग्राहकाला लाल त्रिकोण दिसेल आणि शहाणा ग्राहक परत जाईल.

आणि इशारा डावलून पासवर्ड टाकला गेलाच असेल तर? लाजेखातर गप्प बसू नये. दुसऱ्या, खात्रीच्या यंत्रावरून पासवर्ड ताबडतोब बदलावा, बँकेला कळवावे, आणि पैसे गेले असतील तर विनाविलंब 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. अशा वेळी प्रत्येक मिनिट मोलाचे असते. घरातील मोठ्यांनीही विचारताना स्वर कठोर ठेवू नये. रागावणी मिळेल या भीतीने लपवलेली चूक सर्वांत महाग पडते.

त्या संध्याकाळी शेठजी वेळेत घरी पोहोचले. दुसऱ्या दिवशी मुनीमजींनी संगणकाचा सेल बदलून घेतला आणि टेबलासमोरच्या भिंतीवर स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी लावली: “लाल पान आले तर प्रथम तारीख, मग पत्ता, मग शेठजींना हाक.”