सागरी दुर्गांचा अपुरा धडा

मालवणहून सकाळी निघालेली सहल सिंधुदुर्ग पाहून सायंकाळी विजयदुर्गी पोहोचते. वाटेतील माडांच्या राया, पुळणी आणि अथांग सागर मन मोहवितात. शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर आरंभिलेल्या दुर्गाची कथा मार्गदर्शक अभिमानाने सांगतो. चुन्यात उमटलेला महाराजांच्या हाताचा ठसा दाखवितो. साहजिकच हात जोडले जातात.

विजयदुर्गी मात्र ही कथा बहुधा कान्होजी आंग्रे यांच्या पराक्रमापाशी थांबते. १७५६ मध्ये याच बंदरात तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले आणि ते जाळणाऱ्या इंग्रजांच्या साथीला पेशव्यांची फौज होती, हे कटू सत्य अनुच्चारितच राहते. स्वकीयांच्या कलहात परकीयांचे साह्य घेतले की अखेर घर कोणाचे होते, याचे उत्तर पुढील इतिहासाने दिलेच आहे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने या दोन्ही दुर्गांसह १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. मानाबरोबर दायित्वही आले. स्थानिक तरुणांना मार्गदर्शक म्हणून घडविताना विजयासमवेत पराभवाचाही इतिहास त्यांच्या हाती द्यावा. केवळ गौरवगाथा ऐकणारा समाज सुखावतो. चुकांचे स्मरण ठेवणारा समाजच समर्थ होतो.