सर्व्हरवर जागा आहे, तरी मेल कॉपी का होत नाहीत?

ऑफिसच्या शेअर्ड फोल्डरमध्ये आउटलुकचे मेल कॉपी करताना ‘पुरेशी जागा नाही’ असा संदेश आला, की जुने मेल डिलीट करण्याची घाई सुरू होते. ती टाळा. सर्व्हरची डिस्क अर्धी रिकामी असली, तरी अॅडमिनने प्रत्येक युजरला कोटा ठरवून दिलेला असू शकतो. तो संपला की तुमच्यापुरती डिस्क भरली! संदेशात हे स्पष्ट लिहायला काय हरकत होती, हा प्रश्न वेगळाच. कोटा फक्त अॅडमिनच वाढवू शकतो.

कोटा शिल्लक असेल, तर फाइलचं नाव पाहा. मेल सेव्ह होताना त्याचा विषयच फाइलचं नाव बनतो. लांबलचक विषय आणि फोल्डरात फोल्डर, असा पूर्ण पाथ साधारण 260 अक्षरांपुढे गेला की कॉपी अडू शकते. नाव छोटं करा.

अख्ख्या मेलबॉक्सची पीएसटी फाइल असेल, तर फॅट32 फॉरमॅटच्या डिस्कवर ती 4 जीबीपर्यंतच मावते. अशी फाइल नेटवर्कवरूनच आउटलुकमध्ये उघडून वापरू नका. ती खराब होण्याचा धोका असतो.

कॉपी झालेला मेल अटॅचमेंटसह उघडून पाहिल्याशिवाय मूळ मेलला हात लावू नका. बिलाचा किंवा मंजुरीचा वाद झाला, तर पुरावा तोच असतो.